हिरवा म्हणजे मी आहे

जे. पी. नगर, बेंगळुरू
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अण्णा,

सा. न. वि. वि. यातलं ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. लहानपणी निपाणीला आजोबांना पत्र लिहिताना आपण ती अक्षरं नुसती उतरवून काढायचो. आज खरंच एक विनंती आहे. लहानशी. पुढे लिहिते.

तू, वहिनी आणि आशय खुशाल असाल. आशय अकरावीत असेल की बारावीत? मी बोटांवर मोजलं आणि दोनदा वेगळं उत्तर आलं. मी बरी आहे. कॉलेजची लायब्ररी तीच, बसवनगुडीची बस तीच, फक्त लायब्ररीचे जिने चढताना उजवा गुडघा कुरकुरतो. मागचा शेवगा जूनच्या वाऱ्यात कमरेतून मोडला होता. गेला असं वाटलं, पण आता बुंध्याला पुन्हा फूट आली आहे.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. नंबर आहे माझ्याकडे. पण कानांनी ऐकलेल्यावर माझा आता फारसा भरवसा नाही. लिहिलेलं निदान डोळ्यांसमोर राहतं. मेट्रोने मॅजेस्टिकला गाडी बदलली की थेट तुझं व्हाइटफील्ड, हेही मला माहीत आहे. मागच्या श्रावणात एकदा शेवटच्या स्टेशनापर्यंत आले होते. फलाटावर थोडा वेळ बसले आणि त्याच गाडीने परत गेले. ते जाऊ दे.

अप्पांना जाऊन तीन वर्षं आठ महिने झाले. त्यांचा कॉम्प्युटर मी कॉलेजला द्यायचं ठरवलं. आमच्या लॅबचे दयानंद, आपल्या निपाणीकडचेच, माझ्याच वयाचे, गेल्या रविवारी बघायला आले. उपमा खाल्ला, मशीन सुरू केलं आणि म्हणाले, “अक्का, ह्याला आता पुढं अपडेट येणार नाहीत. ह्याच महिन्यात बंद. सगळं पुसून नवं घालूया.”

“घाला की,” मी म्हटलं.

पुसायच्या आधी आत काय काय आहे ते बघावं म्हणून त्यांनी उपकरणांची यादी उघडली. त्यात तीन ठिकाणी पिवळा त्रिकोण होता आणि शेजारी ‘अनोळखी उपकरण’ असं इंग्रजीत.

“हे काय आहे?”

“मशीनला माहीत नाही.”

“मग आहे हे तरी कसं माहीत?”

“दारात कुणीतरी उभं आहे एवढं कळतं हिला. तो नाव सांगतोय, पण हिला ती भाषा येत नाही.” मग हसून म्हणाले, “नावाला विचारूच नका अक्का. नंबर बघा. प्रत्येकाला दोन नंबर असतात. पहिले चार आकडे म्हणजे ऊरु. पुढचे चार म्हणजे हेसरु.”

गाव आणि नाव. कुठल्या कंपनीच्या घरचं, आणि त्या घरातलं कोण. मला हे फार आवडलं. आमच्याकडेही कव्हर फाटून गेलेलं पुस्तक दाखल क्रमांकावरून ओळखता येतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

पहिल्याचा नंबर ८०८६. दयानंदांनी यादीत न बघता सांगितलं, “हे इंटेल. आपल्या निपाणी स्टँडसारखं, डोळे मिटून उतरायचं.” ते मदरबोर्डवरचंच काही किरकोळ निघालं. दुसरा कॅमेऱ्याचं कार्ड घालायचा कप्पा होता. अप्पा तिरुपतीचे फोटो त्यातूनच उतरवायचे. तिसऱ्यापाशी मात्र ते अडकले. एक यादी पाहिली, दुसरी पाहिली, चष्मा पुसला.

“कुठल्याच यादीत नाही हा. कंपनीला असा नंबर अर्ज करून घ्यावा लागतो. ह्यानं अर्ज केलेला दिसत नाही. घरी बनवलेली वस्तू आहे, मनानंच आकडे टाकलेत. असू दे, पुसलं की जाईल.”

मी पडद्यावर बघितलं. VID_2711 आणि PID_0903.

सत्तावीस नोव्हेंबर. नऊ मार्च. तुझ्या ट्रंकेचं कुलूप आणि आपल्या दोघांच्या सायकलीचं कुलूप. सायकलीला माझा वाढदिवस लावला होतास, कारण दुसरा कुठलाही नंबर मी विसरायचे.

“पुसू नका,” मी म्हटलं.

“का?”

“ओळखीचं आहे.”

मागची वायर धरून मी टेबलाखाली शिरले. ती पायावरून वर जाऊन फळीच्या मागे ठोकलेल्या एका नारिंगी साबणाच्या डबीत शिरत होती. डबीला पुढे एक बारीक दिवा. ती डबी मी कितीदा ओल्या फडक्याने पुसली आहे. हे काय म्हणून एकदा विचारलं तर अप्पा म्हणाले होते, इंटरनेटचा दिवा. मी डबी काढून उलटी केली. मागे तुझ्या अक्षरात, मार्करने लिहिलेलं होतं: हिरवा = मी आहे.

म्हणजे तिकडे तू कॉम्प्युटर लावलास की इकडे अप्पांच्या टेबलावर हिरवा लागायचा. असंच ना? आईच्या तेराव्यानंतर तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस, असं मी अकरा वर्षं धरून चालले. आला होतास तर. मी कॉलेजात असताना, पकड आणि सोल्डर घेऊन. अप्पांनी मला का सांगितलं नाही ते मला कळतं. तेराव्याला मी तुला जे बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. पुन्हा लिहीत नाही.

दिवा आता लागत नाही. कधीतरी बंद पडला असावा. दयानंद म्हणतात, त्या वस्तूशी कसं बोलायचं ते मशीनला सांगणारी एक फाइल असते, ड्रायव्हर, आणि घरी बनवलेल्या वस्तूचा ड्रायव्हर बनवणाऱ्याकडेच मिळणार. तुझं कामच ते. तर विनंती एवढीच की तो असला तर पाठव. सोबत काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

दयानंदांचं बोलणं ऐकलं की अप्पा आठवतात. आई भात वाढायला आली की ताटावर हात आडवा, ‘बेडा, बेडा.’ इतकी मराठी बोलले पण ‘नको’ कधी तोंडात बसलं नाही, कानडीतलं ‘बेडा’च, आणि ‘बरं’ऐवजी ‘सरी’. आणि तुझा विषय निघाला की, ‘वेडा आहे तो.’ तेही हसत. हे आत्ता का लिहिलं कोण जाणे.

उत्तराची घाई नाही असं लिहिणार होते. आहे.

तुझी
प्रतिमा

∗

जे. पी. नगर, बेंगळुरू
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. आज खुशाली विचारत नाही, कारण विचारत बसले तर पुढचं लिहायचं राहून जाईल. मला ती सवय आहे.

तुझं पाकीट भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आलं. त्यात मी काही अर्थ शोधला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आत पेन ड्राइव्ह आणि चिठ्ठी. चिठ्ठीत एक ओळ. ‘माझ्याकडची बाजू मार्च २०२१ पर्यंत चालू होती.’ वर नाव नाही, खाली सही नाही. अक्षर मात्र तेच, ‘झ’ची शेपटी खालच्या ओळीपर्यंत.

ती ओळ वाचून मी चहा गार होईपर्यंत बसून राहिले. मागच्या पत्रात मी लिहिलं, ‘कधीतरी बंद पडला असावा.’ मला तारीख माहीत होती. डबीच्या खालच्या अंगाला अप्पांनी एक कागद चिकटवला आहे. तो मी त्याच दिवशी वाचला होता आणि तुला कळवला नाही. तसाच उतरवून देते:

१९-६-१९ पासून बंद.
वायर ठीक.
पोर्ट बदलून पाहिला. ठीक.
दिवा सेलवर लावून पाहिला. ठीक.
म्हणजे तिकडूनच.

आता त्याच तारखेची माझी रोजनिशी. ‘अप्पांचा कॉम्प्युटर फार रेंगाळत होता. रिक्षात घालून दुकानात नेला, फॉरमॅट करून अगदी नवा करून आणला. संध्याकाळी अप्पा म्हणाले, इंटरनेटचा दिवा लागत नाही. म्हटलं, इंटरनेट तर चालतंय की. सरी, म्हणाले.’

तुझी फाइल दुकानदाराने पुसली, माझ्या सांगण्यावरून. मी अप्पांना म्हटलं होतं, ‘साफ करून आणलाय.’ त्यांना वाटलं पंख्यातली धूळ काढली. विमानाच्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस, पण कॉम्प्युटर म्हणजे त्यांच्या लेखी टाइपरायटरच. त्यांनी शिकवणीप्रमाणे एकेक शक्यता तपासून काढून टाकली आणि शेवटी तुझ्यापाशी येऊन थांबले. माझं नाव त्या यादीत आलंच नाही. आणि तू तिकडे पावणेदोन वर्षं रोज दिवा लावत होतास.

दोघांपैकी एकानेही फोन करून विचारलं नाही. तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही, मी तर फलाटावरून परत गेलेली.

आता गेल्या रविवारचं. दयानंद आले, पेन ड्राइव्ह लावला. मशीनने लगेच हरकत घेतली. हा ड्रायव्हर कुणी बनवला ते पडताळता येत नाही, तरीही बसवायचा का, असा लाल पट्टा.

“काय करू अक्का? अनोळखी माणसाचं असलं तर धोका असतो.”

“बसवा. मला माहीत आहे कुणी बनवला.”

पिवळा त्रिकोण गेला. ‘अनोळखी उपकरण’ गेलं आणि त्या जागी तू ठेवलेलं नाव उमटलं. इंग्रजी चार अक्षरं: व्ही, ई, डी, ए.

“वेद?” दयानंद म्हणाले. “तुमचे अण्णा धार्मिक दिसतात.”

“वेद नाही,” मी म्हटलं. “वेडा.”

ते पडद्याकडे बघत होते. “बेडा? बरं, मग काढून टाकतो.” आणि त्यांनी खरंच बाण ‘काढा’वर नेला.

“नाही नाही, थांबा. बेडा नाही. वेडा. वेडा म्हणाले मी.”

“असं होय.” ते हसले. “मला बेडा ऐकू आलं. निपाणीचा कान, काय करणार.”

त्यांना मी कॉफी दिली, दाराशी पोचवलं. मग कपाटातून २०२२ची वही काढली. त्यात काय आहे ते मला माहीत होतं, असं म्हणू की नव्हतं, हे मी गेले सात दिवस ठरवते आहे. अजून ठरलेलं नाही. जे दिसतं ते सांगते.

११ फेब्रुवारी, शुक्रवार. अप्पांना झटका येऊन तीन दिवस झाले होते. मी दुपारी हॉस्पिटलातच लिहिलं आहे, माझ्या नेहमीच्या निळ्या पेनाने: ‘विचारलं, अण्णाला बोलावू का? डोळे उघडले. ओठांचा एकच कोपरा हलतो. म्हणाले,’ आणि पुढे एक शब्द. तो शब्द आज ‘बेडा’ असा वाचता येतो. पण अण्णा, ‘व’च्या पोटात एक आडवी रेघ ओढली की ‘ब’ होतो, आणि ती रेघ काळी आहे. बाकी सगळं पान निळं.

काळं पेन त्या दिवशी माझ्याकडे रात्रीपुरतंच होतं. आठ वाजता हॉस्पिटलचे फॉर्म भरायचे होते, काळ्या शाईनेच, म्हणून काउंटरवरून घेतलेलं. तुझा फोन सात वाजता आला होता. तू विचारलंस, “येऊ का?” मी म्हटलं, “अप्पा बेडा म्हणाले.” मग “सरी” म्हणालास, अगदी त्यांच्यासारखं, आणि ठेवून दिलास.

म्हणजे क्रम असा आहे. दुपारी मी ‘वेडा’ ऐकलं आणि लिहिलं. सातला तुला ‘बेडा’ सांगितलं. आठनंतर वहीत तसं करून घेतलं.

ती रेघ ओढल्याचं मला आठवत नाही. तीस वर्षं मी रोजनिशी लिहिते, ती खरी असावी एवढ्याच एका गोष्टीची मला ऐट होती. अर्ध्या लुळ्या ओठांतून ‘व’ येताना ‘ब’ होऊ शकतो, हेही खरं. अप्पांना काय म्हणायचं होतं हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला एवढंच म्हणायला हवं होतं की, ते काहीतरी बोलले, मला कळलं नाही, तू ये. मशीनसुद्धा न कळणाऱ्याला ‘अनोळखी’ म्हणतं, ‘नको’ म्हणत नाही.

का केलं, तर दोन कारणं. एक तुला माहीत आहे. आई गेली त्या दिवशी तुला व्हाइटफील्डहून पोचायला तीन तास लागले, आणि त्या तीन तासांत ती तुझं नाव घेत होती, माझं नाही. म्हणून तेराव्याला सगळ्यांदेखत मी म्हटलं, “पाहुण्यांनी चहा घ्यावा आणि ट्रॅफिक लागायच्या आत निघावं.” मागच्या पत्रात हे वाक्य लिहायचं टाळलं होतं. दुसरं कारण मलाच आत्ता लिहिताना दिसतं. मला अप्पा शेवटी एकटीला हवे होते. मी विचारलं ते तुझ्याबद्दल, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला. तोही तुझ्या नावावर.

त्यानंतर नऊ दिवस ते होते. नऊ दिवस मी तुला एक फोन करू शकत होते. वीस तारखेला बनशंकरीच्या स्मशानात तू फाटकापाशी उभा होतास, हेल्मेट हातात. मी पाहिलं आणि मान वळवली. तू समजलास की बापाने नको म्हटलेला मुलगा एवढ्या अंतरावरूनच उभा राहू शकतो. तू आतापर्यंत तेच समजत आला आहेस, आणि म्हणून हे पत्र. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तो माझा प्रश्न झाला. तुझा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचं उत्तर तुझ्या वडिलांनी दिलं होतं. मधे मी उभी होते.

वहीचं ते पान सोबत घातलं आहे. आजवर मी वहीचं पान कधी फाडलं नव्हतं. खिडकीपाशी उजेडात धर, रेघ वेगळी दिसेल. पान तुझ्याकडेच ठेव.

कॉम्प्युटर कॉलेजला देत नाही. दयानंदांना सांगितलं तर म्हणाले, “मला अंदाज होताच.” डबी पुन्हा फळीवर लावली आहे, पण मागे नाही, पुढे. यादीत तुझ्या नावापुढे आता लिहून येतं की हे उपकरण व्यवस्थित चालत आहे. दिवा विझलेला आहे. वायर मी पाहिली, ठीक. पोर्ट ठीक. दिवा सेलवर लावून पाहिला, अप्पांसारखाच, ठीक. या वेळी इकडची बाजू नीट तपासली आहे. पण ‘म्हणजे तिकडूनच’ असं मी लिहिणार नाही. तुझी बाजू बंद असेल तर तशी असायला कारण आहे.

एक मात्र विचारायचं राहिलं. डबी तू माझ्या त्या वाक्यानंतर बनवलीस. घर तुझ्या नंबराचं, ते ठीक. पण वस्तूचा नंबर माझा का घातलास? सवयीने असेल. सायकलीचं कुलूप हाताला पाठ असतं तसं. तसं असलं तरी मला चालेल.

उत्तर लिहू नकोस. फोनही नको, मी पुन्हा काहीतरी भलतंच ऐकेन. वाटलं तर फक्त तिकडचं मशीन लाव. मी इकडचं सकाळी सात ते नऊ लावून ठेवते, आणि रविवारी दिवसभर. आत्ता हे लिहितानाही समोर चालू आहे. दर दोन ओळींनी मान वर करते, म्हणून अक्षर असं आलं आहे.

खाली सहीआधी लिहिलेला शब्द दोनदा तपासून लिहिला आहे. त्याच्या पोटात रेघ नाही.

तुझी
वेडी
प्रतिमा